म्हशीला ऐकवलेलं गाणं

लालासाहेबांच्या फोनोचा कारभार भागीदारीत चाले. यंत्र लालासाहेबांचं आणि चावी देण्याचा हक्कही त्यांचाच. तबकड्या ज्याच्या त्याच्या. चहा, ज्याच्या सोप्यावर बैठक बसेल त्याचा. लढाई पेटली आणि साताऱ्याच्या बाजारात फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा नानासोनं बाभळीचे काटे तासून सुईच्या जागी बसवले आणि भागीदारीत आपलाही वाटा पक्का केला. काट्यावर गाणं वाजे, फक्त आवाज निम्मा निघे. तसं त्यात कुणाचं नुकसान झालं नव्हतं. बैठकीला माणसं गाणं ऐकायला येतच नसत, गाण्याबद्दल बोलायला येत.

त्यात पहिला मान केरबाचा. तो भजनात पखवाज वाजवायचा, त्यामुळं जगातला कुठलाही तबलजी आपल्या हाताखाली शिकायला हवा होता, असं त्याचं मत. तबकडी फिरू लागली की मांडीवर थाप मारत तो त्या बिचाऱ्याच्या चुका दुरुस्त करी. नानासोचं दुखणं निराळं. कुठलीही बाई गायला लागली की त्याला म्हसवडच्या जत्रेत ऐकलेली एक बाई आठवे. ती कशी गायली, कुठं थांबली, तिच्या नाकात काय होतं, हे सगळं तो गाणं चालू असतानाच सांगे. लालासाहेब गाण्यावर बोलत नसत. ते यंत्रावर बोलत.

अशा बैठकीत नाथाजी आपली तबकडी घेऊन आला, हा त्याचा पहिला अडाणीपणा.

नाथाजी बनुबाईचा एकुलता एक पोरगा, पलटणीतला. नवरा गेल्यापासून घर आणि ऊस दोन्ही बनुबाईच्या हातात होतं. नाथाजी रजेवर आला तो सांगलीवरनं वाट वाकडी करून, आणि येताना एक नवी तबकडी घेऊन आला, सदऱ्यात गुंडाळून, पोरगं आणावं तशी. हे गाणं त्यानं छावणीत रेडिओवर ऐकलं होतं. त्याची चाल थेट त्याच्या बायकोची, अंजनाची, जात्यावरची चाल होती. तिला हे एकदा ऐकवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पत्रात लिहायची सोय नव्हती. पत्र मास्तर वाचून दाखवणार, सोप्यावर, चारचौघांत, आणि सासू मध्येच थांबवून विचारणार, पुन्हा वाचा.

घरी आल्यावर सांगायचीही सोय नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि नाथाजी आल्यापासून घर वडीलधाऱ्यांनी भरलेलं. मग त्यानं सरळ हिशेब केला. बैठक आपल्या सोप्यावर बोलवावी. सोप्यामागं सैपाकघर, सैपाकघरात अंजना. गाणं भिंतीतनं जाईल.

भिंतीतनं जे गेलं ते निराळंच होतं. तबकडीवर काटा टेकला मात्र, केरबा म्हणाला की ठेका ढिला पडतोय. नानासोनं म्हसवड काढलं. लालासाहेबांनी दोघांना गप्प बसायला सांगितलं आणि कर्णा कुठल्या अंगाला फिरवला की आवाज कसा उघडतो, हे समजावून दिलं. समजावून होईस्तोवर तबकडी संपली. नाथाजी म्हणाला, पुन्हा एकदा लावा. याचा अर्थ केरबानं असा घेतला की पोराला आपलं म्हणणं पटलं नाही. दुसऱ्या वेळेला तो अंमळ मोठ्यानं पटवू लागला.

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं धीर करून सांगितलं, की जरा शांत बसून ऐकूया. केरबानं हातातली बशी खाली ठेवली.

"गाणं ऐकाय आलोय का मयतीला?"

गाणं पुन्हा वाजलं, आणि काय वाजलं ते पुन्हा कुणाला कळलं नाही. नाथाजीची नजर मात्र तबकडी संपली की सैपाकघराच्या दाराकडं जाई. हे पुरुषांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहाची भांडी न्यायला आलेल्या बनुबाईच्या आलं.

बनुबाई पाऊस पडायच्या आधी गवऱ्या आत घेणारी बाई. तिनं आत जाऊन सुनेला सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, पोरानं आणल्यालं गाणं कसं हाय?"

अंजना भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "केरबा मामांचा आवाज चांगला हाय."

बनुबाईनं तोंडाला पदर लावला आणि तशीच मागल्या दारी गेली. हसली असावी. तिथं म्हैस होती, तिनं काही सांगितलं नाही.

रजेची शेवटची संध्याकाळ आली. पहाटे नाथाजीला कऱ्हाडला गाडी पकडायची होती. त्यानं आता आशा सोडली होती. लालासाहेब चावी देत होते, केरबा मांडी सरसावून बसला होता, नानासो काटा तासत होता, आणि बनुबाई दारात येऊन उभी राहिली. चहाची भांडी सोडली तर बैठकीत बायका येत नसत, म्हणून लालासाहेबांनी चावी थांबवली.

तिनं सांगितलं की म्हैस दूध चोरायला लागली आहे. पोरगं परमुलखातनं आलं, त्याच्या अंगाला कसला कसला वास, म्हैस बुजली. पान्हाच सोडत नाही. दूध नाही तर आज चहाही नाही.

चहा नाही म्हटल्यावर बैठक एकदम गंभीर झाली. लालासाहेबांनी उपाय विचारला.

"उपाय हाय," बनुबाई म्हणाली. "काल गाणं लागलं तवा तिनं कान टवकारल्यालं. ते यंत्र जरा गोठ्यात न्या. पर गडी माणसांची गर्दी नको, आणिक बुजंल. नाथाजी एकटा चावी दील, अंजना धार काढंल. मी हितं बसते."

लालासाहेबांनी आजवर चावीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. त्यांनी बनुबाईकडं पाहिलं, मग रिकाम्या कपबश्यांकडं पाहिलं आणि फोनो नाथाजीच्या हवाली केला. पलटणीतला माणूस आहे, यंत्र जाणतो, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं. नानासोनं तासलेल्यातला सरस काटा काढून दिला. जनावरासाठी आहे म्हटल्यावर माणसाचा हात सढळ होतो.

गोठा परसाच्या पलीकडं. सोप्यावरची मंडळी बसून राहिली. बोलायला समोर काही नव्हतं, आणि बनुबाई उंबऱ्यावर बसली होती. जरा वेळानं परसातनं गाणं आलं. काट्याचा बारीक आवाज, त्यात एवढं अंतर. ऐकू यायचं तर श्वास आवरून बसावं लागत होतं. मंडळी तशी बसली. केरबाचा हात मांडीवर होता, पण पडला नाही. नानासोला म्हसवड आठवलं नाही. एक बाई सावकाश गात होती, दळणाच्या घरघरीवर स्वर धरावा तशी, आणि कडवं संपताना आवाज असा खाली उतरवायची की वाटावं, पीठ भरून आलं, आता थांबली.

गाणं संपलं. चावी दिल्याचा आवाज झाला. तेच गाणं पुन्हा लागलं.

"म्हस हट्टी दिसती," लालासाहेब हळूच म्हणाले.

"लय हट्टी," बनुबाई म्हणाली.

तिसऱ्यांदाही लागलं. या वेळी गाणाऱ्या बाईच्या मागं आणखी एक आवाज होता, दबका, तबकडीवर नसलेला. केरबानं नानासोकडं पाहिलं. नानासोनं आढ्याकडं पाहिलं. बनुबाईनं आपला पदर नीट केला. कुणी काही बोललं नाही, आणि केरबाच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडलं.

मग केरबा म्हणाला, "बाई बरी गाती की."

"मी काय म्हणत हुतो?" नानासो म्हणाला. तो असं कधीच म्हणत नव्हता.

नाथाजी फोनो घेऊन परत आला. मान खाली, पण कान लालबुंद. पाठोपाठ बनुबाईनं आतनं चहा आणून सगळ्यांपुढं ठेवला. चहा कोरा होता, काळाभोर. लालासाहेबांनी बशीत ओतला, पाहिला, आणि बनुबाईकडं पाहिलं.

"म्हस गाण्यात रंगली," ती म्हणाली. "धार काढायचं ऱ्हायलं."

सगळ्यांनी तो चहा निमूट प्याला. केरबानं तर आणखी मागून घेतला.

पहाटे नाथाजी गेला, तबकडी घरी राहिली. त्याच आठवड्यात लालासाहेबांच्या मंडळींनी त्यांना सांगितलं, की आपली म्हैसही दूध चोरू लागली आहे. लालासाहेब खो खो हसले. आपली म्हैस ओळखीची, गावातली, ती कशाला बुजेल, म्हणाले. मंडळी नुसत्या उभ्या राहिल्या.

संध्याकाळी बैठकीची माणसं लालासाहेबांच्या सोप्यावर जमली, तर यंत्र जागेवर नव्हतं. गोठ्याकडनं चावी दिल्याचा आवाज येत होता.