अपवादाने

जिना चढतानाच तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. हातात इतिहासग्रंथातल्या तिच्या, तीनशे वर्षांवरच्या प्रकरणाची मुद्रितं होती आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात कुणीतरी एक शब्द खुपसला होता: अपवादाने.

विणकरांच्या आळीत पोरी अपवादाने गणित शिकत. सुतार अपवादाने पंडितांशी वाद घालत आणि ते वाद अपवादाने दगडावर कोरून ठेवत.

इतिहास मंडळाचे संपादक म्हणजे तिचे सख्खे मामा. देश ती तीनशे वर्षं ढाराढूर झोपला होता आणि चार विद्वान घराण्यांनी त्याला हलवून जागं केलं, हे मामांचं आयुष्यभराचं दुकान. त्यालाच ते राष्ट्राचं पुनरुत्थान म्हणत. चारातलं एक घराणं मामांचं. योगायोग, दुसरं काय.

"बस. चहा घेणार?"

"हा शब्द कोणी घातला, मामा?"

"मी. जरा तोल राहावा म्हणून."

"जिथे गेले तिथे असे दगड निघाले. सगळेच अपवाद, तर मग नियम राहतो कुठे?"

"चार घराण्यांच्या दिवाणखान्यात, ताई," कोपऱ्यात चहा पीत बसलेले मंडळाचे चिटणीस म्हणाले. मामांनी वळून पाहिलं तसं त्यांनी कपात तोंड घातलं.

मामांचा आवाज मऊ झाला. मांडीवर बसवून तिला जुनी लिपी शिकवताना असायचा तसा. "अगं, लोक जागेच होते म्हटलं, तर जागं कोणी केलं? सगळे खंड बुडतील माझे. राहू दे एक शब्द. एवढ्या मोठ्या ग्रंथावर नाव लागतंय तुझं. इथे 'छापावे' लिही आणि सही कर."

नाव तिला हवंच होतं. त्यासाठी उन्हातान्हात धोंडे पुसत तिची उमेदीची वर्षं गेली होती. पण ज्यांनी ते कोरले, ते काय झोपेत बरळत होते?

"त्यांचं लिहिलेलं तुम्ही कधी वाचायला गेला नाहीत," ती म्हणाली. "डोळे तुम्ही मिटलेत, मामा, आणि अंधार त्यांच्या नावावर मांडलात."

"जीभ आवर. नाव काढीन."

"काढा. पण प्रकरणही माझंच आहे."

तिने पहिल्या पानावर आडवं लिहिलं, 'छापू नये', आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

मामा पांढरे पडले. "छपाई तोंडावर आलीय. ती तीनशे वर्षं भरू कशाने?"

"कोरी सोडा. झोपच दाखवायचीय ना तुम्हाला."