ज्याच्यावाचून अडतं तो

सहदेव हुशार होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्हाला वाटायचं की मी त्याच्यावर जळतो. पट्ट्याचा नुसता आवाज ऐकून कोणतं मशीन बिघडलंय ते तो सांगायचा. पण हुशार माणूस डोक्याला केवढा ताप होऊ शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या जागी कापसाचा एक सीझन काढावा.

आमचा जिनिंगचा कारखाना अकोल्यात, जुनाट. एका टोकाला इंजिन, त्याला जोडलेला हॉलभर लांब एकच शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारी, कापसातली सरकी वेगळी करणारी सगळी जिनं. एकाचा पट्टा उतरला की तो चढवायला शाफ्ट थांबवायचा, म्हणजे अख्खा हॉल बंद. जिनात कापूस घालणाऱ्या बाया हातावर हात ठेवून बसायच्या. त्यांची मुकादमीण पंचफुला तिथूनच ओरडायची, "सहदेवभाऊ, ओ सहदेवभाऊ! पुन्हा बसलं पाहा तुमचं!" की हा शिडी घेऊन धावलाच.

आणि करायचा काय? एका जिनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दुसऱ्याला बैलगाडीची चामड्याची वादी. तिसऱ्याला कुठल्या भंगारातला बोल्ट, ज्याला आमच्याकडचा एकही पाना बसायचा नाही. मी हेड मिस्त्री, म्हणून विचारायचो. तो म्हणायचा, "तात्पुरतं केलं मिस्त्री. सीझन निघू द्या." सीझन निघाला की शेठ म्हणायचे, "बंद मशीनवर खर्च कायले?" सीझन लागला की तेच शेठ, "चालत्या मशीनले हात नका लावू." मग दुरुस्ती करायची तरी कधी? ग्रहणात?

कोणत्या जिनाला काय बांधलंय ते फक्त सहदेवच्या डोक्यात. एकदा तो साळ्याच्या लग्नाला बडनेऱ्याला गेला आणि इकडे हॉल बसला. शेठनी रेल्वेने माणूस पाठवला आणि त्याला पंगतीतून उठवून आणलं. एखाद्याला लाज वाटली असती. हा महिनाभर तीच गोष्ट सांगत फिरला.

त्याला चढवून ठेवलं होतं ते शेठनीच. आमच्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा झाली की शेठ एका कारागिराच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधतात. शेठ बसायचे गादीवर. मशीनचा आवाज थांबला तरच उठून यायचे. आले की शिडीवर तेलाने काळा झालेला सहदेव दिसायचा. मग फेटा आणखी कोणाला मिळणार?

साठ सालच्या उन्हाळ्यात शेठनी तेल्हाऱ्याला नवा कारखाना बांधायला काढला. तिथे फोरमन लागणार होता. सहदेवचं गाव तेल्हाराच. आई तिथे एकटी, डोळ्यांनी अधू. चूल पेटवताना दोनदा पदर जळालेला. त्याने माझे पायच धरले, "मिस्त्री, शेठले माह्यासाठी शब्द टाका."

मी म्हणालो, "टाकतो. पण तिथं बी असंच वादीनं बांधून ठेवशील, अन् मंग तुले पंगतीतून उठवाले माणूस कोण पाठवील? आधी हा हॉल असा करून दाखव, का तुह्यावाचून चालला पाहिजे."

त्या पावसाळ्यात आम्ही शेठचा एक पैसा न घेता भंगारातूनच काम केलं. प्रत्येक जिनाला एक जास्तीची मोकळी पुली आणि एक लाकडी दांडा. दांडा ओढला की पट्टा मोकळ्या पुलीवर सरकणार आणि तेवढं एकच जिन थांबणार, शाफ्ट चालूच. सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट. दुसरा फिटर मोतीराम, त्याला सगळं शिकवायचं. बायांनाही दांडा ओढायला शिकवायचं. सहदेव शिकवायचा, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. मोतीरामच्या हातातला पाना तर त्याने कितीदा हिसकावून घेतला असेल! तेवढ्याच वेळा मी ओरडलो.

सीझन लागला आणि हॉल थांबला नाही. पट्टे उतरायचे, बाया दांडा ओढायच्या, मोतीराम येऊन पट्टा चढवायचा. सहदेव बाकावर बसून असायचा. एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मिस्त्री, आज कोणीच हाक नाही मारली मले." मी म्हटलं, "मग बरं झालं ना लेका." तो म्हणाला, "बरं तर झालंच," आणि तोंड फिरवून निघून गेला.

सीझन निघाला, पुढच्या वर्षीचा दसरा आला. मशीनला झेंडूच्या माळा घातल्या, मुहूर्ताचा कापूस लावला, हॉल सुरू झाला. आणि शेठनी फेटा बांधला महादेवरावाला! कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा मिस्त्री. त्याचा प्रेस आठवड्याला बसायचा आणि तो रात्रंदिवस त्याच्या खाली घुसलेला असायचा. वर शेठनी जाहीर केलं, तेल्हाऱ्याला फोरमन म्हणून महादेवरावच जाणार.

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या नादी लागलो," एवढंच म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. पूजेचं ताट तसंच ठेवून मी शेठसमोर उभा राहिलो.

"सहदेव काहून नाही?"

"सीझनभर बसून होता तो, वामनराव. म्या सोता पाह्यलं."

मी शेठना तसाच जिनापाशी घेऊन गेलो. पंचफुला म्हणाली, "शेठ, हा दांडा ओढा." शेठनी जन्मात मशीनला हात लावला नव्हता. भीत भीत ओढला. एक जिन थांबलं, बाकीचा हॉल चालू. ढकलला, जिन सुरू. शेठ असे खूश झाले की पुन्हा ओढून पाहिला.

"अरे, हे तं मलेही जमते! मंग सहदेव पाहिजे कायले?"

मी कपाळावर हात मारला. "इथं नाही पाहिजे, म्हणूनच तं तो जाऊ शकते! हा महादेवराव उद्या गेला तं तुमचा प्रेस कोण चालवील?"

शेठनी महादेवरावाकडे पाहिलं. महादेवराव फेटा सावरत मोठ्या अभिमानाने म्हणाला, "माह्यावाचून? एक दिवस नाही चालणार!"

शेठ व्यापारी माणूस. मान हलवली. "मंग महादेवराव इथंच राहू द्या. सहदेव जाईल."

सहदेवने तेलकट चिंधीनेच डोळे पुसले आणि जास्तच काळा झाला. "मायले सांगून येतो," म्हणत तो पूजेचा प्रसादही न घेता निघाला.

मी जिंकलो होतो. छाती फुगवून उभा होतो. तेवढ्यात शेठ म्हणाले, "एक सांगू वामनराव? हे सारं डोकं तुमचं. फोरमनसाठी पहिलं नाव तुमचंच होतं माह्या मनात."

"मंग?"

"मंग काय? तुमच्या हाताबिगर हे इंजिन चालू होते का?"

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणीच हसलं नाही. मला शेठचा राग आला नाही. माझाच इतका राग आला की तिथे उभं राहवेना. वीस वर्षं त्या इंजिनजवळ मी कोणाला फिरकू दिलं नव्हतं.

"मोतीराम!" मी ओरडलो. "इकडे ये. हात पूस अन् नीट पाह्य."

तेल कुठे सोडायचं, चाक कुठवर फिरवायचं, सगळं दाखवलं. एक खुबी उरली होती, जी मी माझ्या मुलालाही सांगितली नव्हती. ती सांगताना जीव तुटला. तरी सांगितली. पहिल्या खेपेला त्या गाढवाला ती कळली नाही, म्हणून पुन्हा सांगितली.