शाळेचे पत्रे

"बाई, हे एवढं एक वाक्य खोडता येईल का?"

मामांनी जाडजूड बांधीव खंड माझ्या टेबलावर धपकन ठेवला आणि त्यावरची धूळ माझ्या चहात गेली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या अधिवेशनाचं कामकाज होतं ते. ग्रंथालयातून दोन जिने चढून त्यांनी ते स्वतः आणलं होतं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जेवढी धाप लागावी त्यापेक्षा जरा जास्तच धापा टाकत होते. कुणाकडून काम करून घ्यायचं असलं की मामांना अशी धाप लागते. हे मला ठाऊक असल्यामुळे मी आधी माझा चहा बदलून आणला.

मी सभागृहाची प्रतिवेदक. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि धावत येऊन टाइप करायचं, हे माझं काम. पाच मिनिटांची पाळी संपली की पुढची बाई बसते. भाषा थोडी नीट करायची आम्हाला मुभा असते, आणि मामांच्या बाबतीत ती मुभा मी सढळ हाताने वापरली. "सभापती महोदय, तो पूल... म्हणजे पूल कसला... लोकं बिचारी..." एवढं बोलून मामा खाली बसत, आणि छापील पानावर मात्र पुलाची दुरवस्था, नागरिकांचे हाल आणि सरकारची अनास्था असं सगळं रीतसर वाचायला मिळे. मामा ते वाचून हरखून जात. "मी असं बोललो? छान बोललो की!"

त्यांना मामा म्हणायला कुणी सुरुवात केली कोण जाणे, पण सभापतींपासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते. आठ वेळा निवडून आले. मंत्रिपद मिळालं एकदाच, छपाई आणि लेखनसामग्रीचं, तेही अकरा महिने. "त्या अकरा महिन्यांत सबंध राज्यात टाचण्या कमी पडल्या नाहीत," असं ते अजून छाती फुगवून सांगत. बाकी सारी हयात मागच्या बाकावर गेली. कापडी पिशवीत लोकांचे अर्ज घेऊन ते स्वतः एकेका खात्यात जायचे. "साहेब जेवायला गेलेत" असं कुणी म्हणालं की त्या साहेबाच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठाण मांडून बसायचे. साहेबाला कधीतरी जेवून परत यावंच लागे.

बायको जाऊन दहा वर्षं झाली होती आणि मुलं आपापल्या संसारात लांब होती. सभागृह हेच त्यांचं घर होतं म्हटलं तरी चालेल. आता निवडणूक तोंडावर आली होती आणि नवव्यांदा उमेदवारी मिळावी म्हणून मामांनी देव पाण्यात घातले होते.

"कुठलं वाक्य?" मी विचारलं.

त्यांनी पानावर बोट ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. ते वाक्य मला पाठ होतं: 'शाळेचे पत्रे मुलांच्या डोक्यावर नाहीत, ते मंत्रिमहोदयांच्या घरावर आहेत.'

ते मंत्रिमहोदय म्हणजे वकीलसाहेब, त्या वेळचे शिक्षणमंत्री. मामा विरोधी बाकावरून एक फोटो फडकावत उठले होते. फोटोत एका घरावर नवेकोरे पत्रे होते, पत्र्यांवर शिक्षण खात्याचा शिक्का होता, आणि ते घर वकीलसाहेबांच्या गल्लीतलं होतं. मग जो गदारोळ झाला, तो आठवड्याने वकीलसाहेबांनी राजीनामा दिला तेव्हाच थांबला. पुढे चौकशी झाली, तीत काही निघालं नाही, पण चौकशीचे अहवाल कोण वाचतं? लोकांनी त्यांना 'पत्रेवाले' म्हणायला सुरुवात केली ती केलीच. मंत्रिपद त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही.

वकीलसाहेब आदल्याच दिवशी वारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात त्यांच्यावर शोकप्रस्ताव होता, आणि शोकप्रस्ताव म्हटला की मामा बोलणारच.

"फोटो खरा होता, बाई," मामा पानाकडे बघत म्हणाले. "पण घर दुसऱ्याचं होतं. दोन घरं सोडून पलीकडे शाळांच्या बांधकामाचा ठेकेदार राहायचा, त्याचं. मला दोन महिन्यांनी कळलं."

"दोन महिन्यांनी? मग बोलला का नाहीत?"

"ज्याने फोटो आणून दिला त्याला जाऊन धरला. तो म्हणाला, मामा, निवडणूक होऊ द्या, मग बघू. निवडणूक झाली. मग पुढची आली." त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "आता तोच आमचा पक्षाध्यक्ष आहे. उमेदवारीची यादी त्याच्या खिशात."

मला मामांचा मनापासून राग आला. मामा आणि वकीलसाहेब रोज चार वाजता उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर चहा प्यायचे. त्या फोटोनंतरही प्यायचे. खोकला झाला तर एक गोळी दोघांत अर्धी अर्धी करायचे. नव्या मुलींना मी तो कोपरा दाखवून सांगायची, बघा, राजकारणात अशीही माणसं असतात.

"आणि इतकी वर्षं समोर बसून तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"रोज सांगणार होतो. पण चहा यायचा, ते नातीच्या गमती सांगायचे, आणि राहून जायचं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही ना. मला वाटलं, विसरले असतील. माणूस विसरतो की."

"लोक पत्रेवाले म्हणून हाक मारतात, आणि विसरतील?"

मामांनी रुमालाची घडी घातली. खरं तर मला त्यांना बोलायचा फारसा अधिकार नव्हता. त्या दिवशी पाळी माझीच होती. मामा प्रत्यक्षात बोलले होते ते असं: "पत्रे... शाळेचे... हा बघा फोटो... पोरं उघड्यावर आणि इकडे ह्यांच्या..." त्याचं वाक्य मी केलं. नोकरीत नवी होते, अंगात हुरूप होता. सगळ्या वर्तमानपत्रांनी ते वाक्य जसंच्या तसं पहिल्या पानावर छापलं आणि मी ते कात्रण घरी नेऊन आईला दाखवलं होतं. वकीलसाहेब जिन्यात भेटले की मला "काय म्हणतेस पोरी?" असं विचारायचे, आणि मी खाली बघायची.

"खोडता येणार नाही, मामा," मी म्हणाले. "भाषा मी सुधारीन, पण बोललेलं पुसता येत नाही. सभापतींनासुद्धा आता येणार नाही."

"मग काय करू?"

"ते राहणार. पण त्याच्यानंतर तुम्ही जे बोलाल तेही राहील."

मामांनी माझा बदलून आणलेला चहाही पिऊन टाकला. मग खंड उचलला आणि धापा न टाकता जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अदलाबदल करून मामा बोलणार त्या वेळची पाळी मागून घेतली. वर प्रेक्षकांच्या सज्जात वकीलसाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. एकेक सदस्य उठून गोड बोलत होता. शोकप्रस्तावाची रीतच तशी आहे. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं, आणि बोलणाऱ्याला कुणी मध्ये अडवायचं नाही. मामा उठले आणि माझ्या ध्यानात आलं की हा माणूस मुरलेला आहे. अख्ख्या अधिवेशनात त्यांना कुणी अडवू शकणार नाही अशी ही एकच वेळ होती.

"सभापती महोदय," मामा म्हणाले, "वकीलसाहेब... चांगले होते. ते सगळ्यांनी सांगितलं. मी दुसरं सांगतो. मी सव्वीस वर्षांपूर्वी इथे फोटो दाखवला. तो फोटो... ते घर त्यांचं नव्हतं. ठेकेदाराचं होतं. मला नंतर कळलं. दोनच महिन्यांत कळलं. आणि मी बोललो नाही. म्हणजे पत्रे त्यांनी घेतले नव्हते. एकसुद्धा नाही. मी खोटं बोललो, आणि मग... गप्प बसलो. ते जास्त वाईट. मतांसाठी गप्प बसलो. एवढंच."

पक्षाध्यक्ष पहिल्या बाकावर होते. ते मागे वळून मामांकडे बघत राहिले, पण उठू शकले नाहीत. सभापतींनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. उभं राहताना मी वर पाहिलं. वकीलसाहेबांच्या पत्नी आधीच उभ्या होत्या.

चार दिवसांनी उमेदवारांची यादी आली. मामांचं नाव नव्हतं. उपाहारगृहात जो तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून गेला आणि घाईघाईने दुसऱ्या टेबलावर बसला. मामा मात्र नेहमीसारखे पिशवी घेऊन खात्याखात्यांत हिंडत होते. "अजून आठ दिवस आमदार आहे मी," असं म्हणून त्यांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबाला दोन तास जागचं हलू दिलं नाही. मला हसू आलं.

शोकप्रस्तावाची प्रत कुटुंबाला द्यायची पद्धत आहे. ती न्यायला अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी वकीलसाहेबांच्या पत्नी स्वतः आल्या. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि त्यांना सोडायला बाहेर आले, तर व्हरांड्यातल्या बाकावर मामा बसलेले. त्यांना बघून मामा उठले.

"वहिनी," ते म्हणाले, "मी त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं."

"हो, हवंच होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला खरं कळलंय, हे. त्या ठेकेदारानेच त्यांना नंतर सांगितलं होतं, मामा येऊन घर बघून गेले म्हणून. संध्याकाळी ते घरी आले की मी विचारायची, आज बोलले का मामा? ते म्हणायचे, आज नाही, उद्या बोलतील. चहाला ते त्याचसाठी यायचे. शेवटी दवाखान्यात मी चिडून म्हटलं, आता कधी बोलणार तो माणूस? तर म्हणाले, बोलेल गं, माणूस चांगला आहे."

मामा बाकावर बसले. वकीलसाहेबांच्या पत्नीही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि हातातली पानं त्यांनी मामांपुढे धरली.

"मला बारीक अक्षर दिसत नाही. वाचून दाखवा."

मामांनी पानं घेतली. आपल्याच भाषणाची पहिली ओळ त्यांनी कशीबशी पुटपुटली. व्हरांड्यातून सदस्य, कारकून, शिपाई, भेटायला आलेली माणसं अशी सारखी ये-जा चालू होती. काही जण मामांना बघून थबकले.

"मोठ्याने वाचा," त्या म्हणाल्या.

मामांनी रुमालाने डोळे पुसले, पान डोळ्यांपासून थोडं लांब धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.