शिवेपर्यंतची बिदाई

बँडवाल्यांना लग्नात वाजवायला सगळ्यांत आधी उभं करतात आणि जेवायला सगळ्यांत शेवटी बसवतात. याचा मला राग आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. मी गजेंद्र. भातकुलीच्या गुलशन ब्रास बँडमध्ये वीसेक वर्षं ट्रम्पेट वाजवला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आम्ही किती मांडव गाजवले त्याला गणती नाही. मग डीजेच्या गाड्या आल्या आणि आमच्या सुपाऱ्या आटल्या. पुण्याच्या एका हॉलवाल्यानं आख्ख्या पार्टीला कायमचं बोलावलं, तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. नाही म्हणायला कोणाच्या दारी हत्ती झुलत होते?

निघायच्या दिवशी सकाळी माझं आणि सीमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वाजलं. तिनं माझी बॅग दोन दिवस आधीच भरून दाराशी ठेवली होती. माझं डोकं तापायला तेवढं पुरे होतं.

"लयच घाई दिसते तुले मले घालवाची," मी म्हणालो.

"जा मंग," ती म्हणाली. "तुमी घरी असले काय अन् नसले काय, सारखंच."

मी बॅग उचलली, दोरीवरचा बँडचा लाल कोट ओढला आणि निघालो. तिनं मागून हाक मारली नाही. मारली असती तरी मी थांबलो नसतो, असा माझा स्वभाव.

गावासाठी शेवटचा कार्यक्रम बाजाराच्या मैदानात ठेवला होता. दुपार कलली तसं गाव जमलं. मंडपवाल्या पंजाबरावांनी खुर्च्या मांडल्या, विजेच्या खांबांवर भोंगे बांधले. जे घरून उठले नाहीत त्यांनाही घरबसल्या ऐकू यावं म्हणून. सामानाचा टेम्पो मैदानाच्या कडेला उभा होता. आमचे म्हातारे मास्तर अब्दुल सत्तार चाचा पहिल्या रांगेत बसले. छातीच्या दुखण्यामुळे ते पुण्याला येणार नव्हते. त्यांचं क्लॅरिनेट आता त्यांचा मुलगा दानियाल वाजवत होता, आणि पार्टीही तोच चालवणार होता.

आम्ही वाजवलं, लोक नाचले, शिट्ट्या झाल्या. ऊन उतरलं तेव्हा पंजाबराव माईकवर आले.

"आता एकच राह्यलं. बिदाई वाजवा!"

सगळं मैदान ओरडायला लागलं. बिदाई! बिदाई!

आमच्या बँडचा एक कायदा होता. बिदाईची धून रिकामी वाजवायची नाही. नवरी गाडीत बसली की सुरू करायची आणि गाडी गावाची शीव ओलांडेपर्यंत थांबवायची नाही. तालमीतसुद्धा चाचांनी ती आम्हाला कधी सलग वाजवू दिली नाही. अर्धी आज, उरलेली आणखी एखाद्या दिवशी. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "ही धून वाजली का कोनी ना कोनी जातेच. अन् ज्याची बिदाई झाली थो आपल्या पायानं माघारी येत नाई." नवरी घरी काही विसरली तर तिचा भाऊ धावत जाऊन आणतो, ती स्वतः वळत नाही. माहेरी यायचं तर माहेरचा माणूस मुराळी होऊन न्यायला जातो, तेव्हाच ती येते. मला हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं, आणि तसं मी त्यांच्या तोंडावर बोललोही होतो.

चाचा जागेवरून उठून मंचाशी आले. "नाई वाजवाची," ते म्हणाले.

दानियाल हसला. "अब्बा, आपन रिकामी कुठी वाजवून राहिलो? आपनच चाल्लो ना. समजा, आमचीच बिदाई."

"मंग इथूनच चालत निंघा," चाचा म्हणाले. "टेम्पो शिवेवर पाठवा. वाजवत जा, तिकडच्या तिकडे बसा. मंधात थांबाचं नाई, घरी जाचं नाई. काई विसरलं असन तर इथल्या कोनाले सांगा, थो आनून देईन."

ते परत खुर्चीवर गेले. तिथे एका शेतकऱ्याच्या गाडीवर कापसाचं गाठोडं होतं. त्यातून त्यांनी चिमूटभर कापूस ओढला, दोन बोळे वळले आणि दोन्ही कानांत घट्ट बसवले. लोकांना गंमत वाटली. मीही हसलो.

टेम्पो पुढे गेला. आम्ही दोन रांगा केल्या आणि धून उचलली.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखं होतं. मग माझ्या ध्यानात आलं की लोक आमच्याकडे पाहत नाहीयेत. ते आमच्या पुढे पाहत होते, जिथे नवरीची गाडी असते तिथे. तिथे काही नव्हतं, मोकळा रस्ता होता. तरी माणसं घाईनं बाजूला सरून त्याला वाट करून देत होती. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एकीनं मूठभर तांदूळ टाकले, ते त्या मोकळ्या जागेवर पडले. शिट्ट्या थांबल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला, पण ओठ ट्रम्पेटला लावलेले, बोलणार काय?

शेवटची घरं मागे पडली. शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड दिसायला लागला. त्यापलीकडे टेम्पो. गळ्याशी कोट टोचला म्हणून मी वाजवता वाजवता एक हात वर नेला, आणि बोटांना बटन लागलं. दोन वर्षांपूर्वी तुटलेलं कॉलरचं बटन. सीमाला किती वेळा सांगितलं होतं आणि किती वेळा त्यावरून भांडलो होतो. काल रात्री हा कोट बिनबटनाचा होता. म्हणजे आज पहाटे, मी उठायच्या आधी, तिनं ते लावलं होतं, आणि त्यानंतर मी तिला तसं बोललो होतो.

असं जायचं नाही, एवढंच मनात आलं. धावत जाईन, बटन दिसलं म्हणून सांगीन, पोळ्याले येतोच म्हणून सांगीन आणि परत येऊन टेम्पोत बसेन. मी ट्रम्पेट खाली घेतला आणि रांगेतून बाहेर पडून मागे वळलो. दगड अजून चार पावलं पुढे होता.

कोणी मला हाक मारली नाही. थोडं अंतर गेल्यावर मी थबकलो. ट्रम्पेट माझ्या हातात होता आणि मागे धुनेतला ट्रम्पेट वाजतच होता. बिदाईत ट्रम्पेट वाजवणारा मी एकटाच. शेवटच्या सुरावर मी उगाच थोडा रेंगाळतो, चाचा त्यावरून रागवायचे. तिकडचा ट्रम्पेटही रेंगाळला. मी वळून पाहिलं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली.

मैदानात पंजाबराव खुर्च्या आवरत होते. माझ्या लग्नाचा मांडव यांनीच घातला होता.

"पंजाबराव, आलोच घरून. दानियालचा फोन आला तर थांब म्हना त्याले," मी म्हणालो.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "कोनत्या गावचे तुमी, पाहुने? बँड पाहाले आल्ते का? उशीर केला तुमी. गेले ना ते."

"थट्टा नोका करू. मी गजेंद्र."

"आमचा गज्या गेला त्याईच्या संगं," ते शांतपणे म्हणाले. "आत्ताच गेला. माह्या डोयानं पाह्यलं म्या." आणि पुढची खुर्ची उचलायला वाकले.

त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. वाटेत आणखी दोघांनी मला अनोळखी माणसाला करतात तसा नमस्कार केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"गज्या! माघारी काहून आला तू?"

चाचा. कानांत बोळे तसेच होते. त्यांनी धून ऐकली नव्हती! मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो आणि भडाभडा बोलायला लागलो. चाचा, मले कोनी वळखून नाई राहिलं. त्यांना नुसते माझे ओठ हलताना दिसत होते.

"थांब, थांब," ते म्हणाले. "भेऊ नोको. तुले न्याले घरचं कोनी तरी शिवेपर्यंत आलं पाह्यजे. मी सांगतो सीमाले. काय म्हनून राहिला तू, ऐकू तर येऊ दे."

त्यांनी बोळे काढले.

मागे पंजाबरावांच्या मोबाइलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ लागला होता. बिदाईचाच. मी उठून धावलो, "बंद करा, बंद करा" ओरडलो. पंजाबरावांनी दचकून मोबाइल बंद केला. मी वळलो. चाचा माझ्याकडे पाहत होते, गरीब चेहऱ्यानं, अगदी अदबीनं.

"कोन पाह्यजे तुमाले, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी घरी गेलो. जायला दुसरी जागा कुठे होती? दारात तुळशीपाशी सीमा दिवा लावत होती. भोंगे सगळ्या गावाला ऐकू गेले होते, तिलाही गेले असणार. तरी मला वाटलं, बायको आहे, माझा वास ओळखेल, पाऊल ओळखेल.

"सीमा," मी म्हणालो.

तिनं पदर सावरला. "कोन? बँडवाले का? कोट तसाच दिसते. आमचे तर गेले, भाऊ."

भाऊ म्हणाली ती मला.

तिनं मला ओट्यावर बसवलं, पाहुण्यांच्या कपबशीत चहा आणला. कोट पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, आपणच बोलायला लागली. "पुन्याले जाता का तुमी? भेटले तर एक सांगजा त्याईले. बॅग म्या घाईनं नोती भरली. शेवटच्या दिवशी रडू येईन अन् काई सुचनार नाई, म्हनून अगुदर भरली. अन् थे तसेच फुगून गेले." मग ती कसनुशी हसली. "तुमाले काहाले तरास? मीच सांगतो." तिनं मोबाइल घेतला. ती नेहमी आवाज मोठा करूनच बोलते.

मी खिशातला माझा फोन काढून हातात धरला. तो वाजला नाही. तिच्या फोनमधून मात्र टेम्पोची घरघर आली, आणि माझा आवाज आला.

"हां, सीमा."

"अहो, सकाळचं मनावर घेऊ नोका."

"नाई घेतलं," मी तिकडून म्हणालो. "बटन दिसलं मले. पोळ्याले येतोच मी. तू जेवून घेजो."

सीमा तोंडाला पदर लावून रडली, आणि मग हसली. लग्न झाल्यापासून मी तिला इतकी हलकी झालेली पाहिली नव्हती. जे सांगायला मी आलो होतो ते सांगून झालं होतं.

माझ्या घशाला कोरड पडली होती. मी सवयीनं उठलो, दाराआड माठ आहे तिथे गेलो आणि फळीवरचा माझा स्टीलचा गिलास उचलला. सीमा लगबगीनं पुढे आली, आणि माझ्या बोटांना हात लागू न देता तिनं तो गिलास काढून घेतला.

"थो नोका घेऊ, भाऊ," ती म्हणाली. "थो आमच्या मानसाचा आहे." तिनं तो पदरानं पुसला आणि फळीवर पालथा घातला.