थोरल्या मिस्त्रींचं कुलूप

साबणाच्या त्या कारखान्यात नियम मोडायला सगळे तयार, लिहायला कोणी नाही. तपासणीचं पत्र आलं तेव्हा मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुरक्षेचं धोरण लिहायचं काम स्टोअरकीपरांच्या गळ्यात घातलं. ज्या माणसाकडे हातमोज्यांचा नवा जोड मागताना लोक चारदा विचार करतात, त्याने लिहिलेले नियम निदान वाचले तरी जातील, असा त्यांचा हिशेब.

स्टोअरकीपर माणूस वाईट नव्हते, फक्त द्यायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा. जुनं जमा करा, नवं न्या, हे त्यांचं ब्रीद. त्यात त्यांचा जावई याच कारखान्यात फिटर. सासऱ्याने झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून ते त्याला इतरांपेक्षा दोन बोटं कमीच द्यायचे. जावई सगळ्यांना सांगायचा, मामांनी मुलगी दिली तीसुद्धा बहुतेक काहीतरी जमा करून घेऊनच.

धोरण भराभर लिहून झालं. गाडी अडली ती कुलपापाशी.

मशीनमध्ये उतरायचं तर मुख्य स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि काम झालं की आपल्याच हाताने काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. ही शिस्त थोरल्या मिस्त्रींनी घालून दिलेली. त्यांचं स्वतःचं कुलूप मात्र जुन्या मिक्सरच्या स्विचवर लटकत राहिलं होतं. आतलं काम संपवून ते बाहेर आले, चहाचा कप हातात घेतला आणि बाकावर बसल्या बसल्याच गेले. किल्ली त्यांच्या खिशात होती, ती पुन्हा कोणाला दिसली नाही. पुढे नवा मिक्सर आला, जुना कोपऱ्यात पडून राहिला आणि कुलूप तसंच राहिलं. तांबडा रंग, अंगठा टेकायचा तिथे घासून उडालेला. येता-जाता ऑपरेटर लोक त्याला "काय मिस्त्री, बरं आहे ना?" असं विचारायचे. थट्टेतच, पण विचारल्याशिवाय पुढे कोणी जात नसे.

आता मागणी वाढली होती आणि मालकांना जुना मिक्सर चालू हवा होता. स्टोअरकीपरांनी रात्रभर डोकं खाजवून एक कलम घातलं: कुलूप लावणारा हजर नसेल, तर अधिकाऱ्याच्या सहीने ते तोडावं. मालक म्हणाले, वा. मिक्सरचा ऑपरेटर म्हणाला, "हजर नसेल हे ठरवायचं कोणी?" स्टोअरकीपरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग लांब दांड्याची कातर आणून त्यांनी स्वतः कुलूप तोडलं. तोडलेलं असलं तरी ते जमा माल होतं. दोन्ही तुकडे त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई खिडकीशी आला. मिक्सरच्या आत वाळून दगड झालेला साबण खरवडायला त्यालाच उतरायचं होतं आणि त्याच्या कुलपात किल्ली मोडून बसली होती. नवं कुलूप हवं होतं.

"जुनं जमा केलंत?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

"ते घरी राहिलं, मामा. उद्या आणतो."

मागे दोघेजण उभे होते, कान टवकारून. स्टोअरकीपर म्हणाले, "मग नवंही उद्याच न्या, जावईबापू. कामालाही उद्याच लागा."

जावई हसला आणि गेला. तो उद्यापर्यंत थांबणार नाही, मालक त्याला थांबू देणार नाहीत, हे स्टोअरकीपरांना कळत होतं. कळूनही त्यांनी खिडकी लावली आणि जेवणाची वेळ झाल्यावर डबा उघडला. लेकीने दोघांच्या डब्यात सारखंच दिलं असणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला.

तेवढ्यात ऑपरेटर तणतणत आला. एकदा काय ते ठरवा म्हणाला. जुना मिक्सर चालवून बघ असं मालक सांगतात, म्हणून स्विच वर करायला गेलो तर तुम्ही त्यावर परत कुलूप घातलेलं.

स्टोअरकीपर डबा तसाच टाकून धावले. स्विच पाडलेला होता आणि त्यावर कुलूप होतं. अख्खं. तांबडा रंग, अंगठा टेकायचा तिथे घासून उडालेला. त्यांनी हात लावला तर ते कोमट होतं, नुकतंच कोणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखं. आणि मिक्सरच्या पोटातून खरवडल्याचा आवाज येत होता.

ऑपरेटरचा चेहरा पांढराफटक पडला. आत कोणी असेल हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

झाकणातून आधी जावयाचं डोकं वर आलं, मग खांदे. सासऱ्याला बघून तो म्हणाला, "अजून इथेच आहात का, मामा? जेवून या म्हटलं ना तुम्हाला."

"कधी?"

"आत्ता वरून बोललात तेव्हा. सावकाश कर, मी आहे बाहेर, म्हणालात." मग तो जरा थांबला. "आवाज बसलाय का तुमचा?"

स्टोअरकीपरांनी जावयाचा दंड धरून त्याला खाली उतरवलं आणि तो हात नळापर्यंत सोडला नाही. मग धावत जाऊन टेबलाचा खण उघडला. दोन्ही तुकडे जिथल्या तिथे होते.

ते नळाशी परत आले, आणि जावई हातावरचा साबण धूत असताना मागे खट्ट असा आवाज झाला. वळून बघतात तर स्विच मोकळा. भिंतीवरच्या, सगळ्यांची कुलुपं टांगायच्या फळ्यावर, मिस्त्रींच्या इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या खुंटीला कुलूप अडकवलेलं होतं. तोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. ज्याने लावलं, त्यानेच काढलं.

त्याच दिवशी स्टोअरकीपरांनी ते कलम खोडलं आणि फिटरांना कुलुपं वाटली, काही जमा न करून घेता. पहिलं जावयाला. सासरेबुवांना ताप आलाय अशी आवई उठली.

तेव्हापासून सकाळी आल्याबरोबर ते आधी ती खुंटी बघतात. कुलूप जागेवर असलं की भोंगा वाजवायला सांगतात. एकदा ते खुंटीवर नव्हतं; बॉयलरच्या पंपाच्या स्विचवर सापडलं, आणि पंप उघडला तर आतली तार उघडी पडलेली.

आज खुंटी पुन्हा रिकामी होती. स्टोअरकीपर आणि जावई एकेक स्विच बघत सगळा कारखाना फिरले. कुलूप कुठेच नव्हतं. मालक घड्याळ दाखवत होते. माणसं दाराशी खोळंबली होती. रोज कुरकुरणारी, आज अगदी गप्प.

"काय करायचं, मामा?" जावयाने हळूच विचारलं.

स्टोअरकीपरांनी त्याची बाही घट्ट धरली. "सापडेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले.

दाराच्या मागे, बंद कारखान्यात कुठेतरी खोल, कोणीतरी कुलूप-किल्ली खुळखुळवत, एकेका स्विचपाशी थांबत चालल्यासारखं वाटलं. मालकांनी घड्याळ खाली घेतलं.