पाठ असलेला पाळणा

केशवने हेडफोन गळ्यात ओढला आणि सुयशचा निरोप पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ऐकल्याने तो गोड होईल, अशी त्याची समजूत असावी.

“काका, ढोलकी बराबर बसली. पेटी बी मस्त. पण बाईंचा आवाज पार दबलाय बघा. शब्दच कळून न्हाई राह्यले.”

सुयशचं भोकरदनला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. घरच्या घरी गाणी मिक्स करणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप होता, त्यातली ही ओळख. आपलं काम ग्रुपवर टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यातली खोट काढायची. नुसतं ‘वा वा’ म्हणायला तिथे बंदी होती. दुसऱ्यांच्या खोटी काढताना केशवला हा नियम फार आवडायचा.

पण हा आवाज प्रेमलाचा, त्याच्या बायकोचा होता. आष्टीला पुतण्याच्या बारशात तिने म्हटलेला पाळणा कुणीतरी फोनवर भरून ठेवला होता; त्यातला तिचा आवाज आणि मागचा बायकांचा कोरस सॉफ्टवेअरने वेगळे काढून केशवने त्याला ढोलकी-पेटीची साथ जोडली होती. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजही गेला. उरली ती नुसती वाऱ्यासारखी कुजबुज. बोलत राहा, हळूहळू फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

येत्या रविवारी पुण्याला लेकीच्या, श्रद्धाच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा आजीनं म्हणायचा ही घरची रीत. ती मोडू नये म्हणून हे रेकॉर्डिंग लावायचं ठरलं होतं, म्हणजे केशवने ठरवलं होतं. अंकुशनगरच्या कारखान्यातल्या ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन तो लेकीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसे. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापतेय आणि नवरा इकडे तिच्या आवाजासाठी झुरतोय, असा सगळा प्रकार. त्याला त्या आवाजाची फार आठवण यायची. हे प्रेमलाला सांगायची मात्र त्याची हिंमत नव्हती.

त्याने सुयशला फोनच लावला.

“शब्द स्वच्छ ऐकू येतेत. तू कान तपासून घे.”

“राग नका मानू काका. तुमाला पाठ हाय ना सगळं, म्हणून येतंय ऐकू. ज्यानं ह्ये गाणं कधीच ऐकलं न्हाई, अशा माणसाला ऐकवा. मंग बोला.”

केशवने फोन ठेवला. तेवढ्यात शेजारची सुरेखा वाटी घेऊन दारात आली. तिचा नवरा नुकताच बदली होऊन आलेला, घर अजून लागायचं होतं. तिला विरजण हवं होतं.

प्रेमलाने वाटीत दही घातलं आणि काहीतरी सांगितलं. सुरेखाने मान पुढे केली, ओठांकडे पाहिलं, मग अवघडून केशवकडे वळली.

“काय म्हणाल्या?”

“दूध कोमट असू द्या म्हणतेय, गरम नको.”

हे काम त्याच्या अंगवळणी पडलं होतं. किराणा दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या फोनवर, सगळीकडे प्रेमला बोलायची आणि लोक त्याच्याकडे बघायचे. तिचं अक्षर न् अक्षर आपल्याला कळतं, याचा त्याला थोडा अभिमानही होता. प्रेमला भांडं उचलून आत गेली.

“ताई, बसा दोन मिनिटं. एक गाणं ऐका,” केशव म्हणाला.

सुरेखाने शेवटपर्यंत ऐकलं.

“छान आहे. ढोलकी तर फारच गोड. पण बाई काय म्हणतायत?”

“वाऱ्या, हळू ये रे, बाळ माझं निजलं.”

“परत लावा बरं.” तिने ऐकलं आणि हसली. “हां! तुम्ही सांगितलं म्हणून आता आलं ऐकू.”

ती गेल्यावर केशवने पेटीचा आवाज खाली ओढला, बायकांचा कोरस खाली ओढला आणि प्रेमलाचा आवाज वर चढवला. खोली त्या आवाजाने भरली. प्रेमला पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“आता कळतेत का गं शब्द?”

“मला काय इचारता?” ती कुजबुजली. “मला बी पाठच हाय.”

त्याने हसायला तोंड उघडलं, पण ती हसत नव्हती.

“अन् माझं बोलणं तुमाला पाठ झालंय,” ती म्हणाली. “म्हणून लोकाला ऐकू न्हाई गेलं तरी तुमचं भागतंय.”

केशवने गाणं बंद केलं. एवढ्यात त्याचा फोन वाजला. श्रद्धा होती.

“बाबा, गाणं झालं का? स्पीकर सांगून ठेवलाय. आई कुठंय?”

नेहमीसारखा त्याने फोनचा स्पीकर चालू करून तो दोघांच्या मधोमध धरला. प्रेमलाने पदराला हात पुसले, तो फोन त्याच्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ नेला.

“पाळणा मीच म्हणीन,” ती म्हणाली.

“काय? बाबा, काय म्हणतेय आई?”

केशवच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. इतक्या दिवसांची सवय. प्रेमला त्याच्याकडे बघत होती. त्याने ओठ मिटून घेतले.

“बाबा?”

प्रेमलाने पुन्हा म्हटलं, सावकाश, मध्ये श्वास घेत.

“आई, थांब. नीट ऐकू येत नाही गं.” पलीकडे श्रद्धा कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगत होती. टीव्ही बंद झाला. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि मुलांचा गलका थांबला.

“हां आई, आता बोल.”