कॉम्प्युटरच्या अंगात आलं

वाचनालयाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. कशेळ्यापलीकडच्या त्या गावातला एकुलता एक कॉम्प्युटर टेबलावर हिरवं लुगडं नेसून बसला होता. पडद्याला कुंकवाचा मळवट, पुढ्यात ओटीचा नारळ. आणि लुगड्याच्या आतून आवाज येत होता, घूंऽऽऽ!

"घुमतंय बघा, घुमतंय!" लडकूबुवा ओरडला. "काल अपडेट आलं. अपडेट म्हंजे वरून आलेलं. वरून काय येतं? वीज! अग्निमाय शिरलीय यंत्रात. ताप बघा किती!"

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता १७६. लोकांनी हात जोडले. माणूस तर एकशे पाचालाच बरळू लागतो.

दर शनिवारी कर्जतहून मुलांना शिकवायला येणाऱ्या प्रमोदिनीबाई चपला काढत होत्या, तोच रुचिता रडत येऊन बिलगली. "बाई, बुवा म्हणतो याला पळसदरीच्या धरणात शिरवायचं, गणपतीसारखं बुडवायचं. मग मी टायपिंग कुठं शिकू? परीक्षा जवळ आलीय."

"धरणापर्यंत नेणार कोण?"

"बुवाचा भाचा. टेंपो आणलाय त्यानं."

बाईंनी बाहेर पाहिलं. टेंपोवर रंगवलं होतं, 'जुने कॉम्प्युटर घेणे-विकणे'. बाईंना हसू आलं. पण हसून कोणी शहाणं होत नाही, हे त्यांना फळ्यापुढे उभं राहून केव्हाच कळलं होतं.

"बुवा, हात लावून पाहिलात?"

"हात? जळून जाल बाई!"

"बरं. हा घुमायला कधी लागला?"

रुचिताची आजी, बायजा, पुढे झाली. "सकाळी गप होता. आकडा तेवढा एकशे अठरा दिसला. बुवा बोलला, लुगडं नेसवा. माजं ठेवणीतलं नेसवलं, आनि लागला की घुमाया!"

बाईंनी लुगडं अलगद सोडलं. बुवा चार पावलं मागे सरला. हळूहळू आवाज मंदावला, आकडाही उतरू लागला.

"उतरली! माज्या मंत्रानं उतरली!"

"मग पुन्हा नेसवू या." नेसवलं. घूंऽऽऽ! काढलं. गप्प. पुढच्या खेपेला पोरांनीच बाईंच्या हातातून लुगडं ओढून घेतलं.

"याच्या पोटात पंखा असतो," बाई म्हणाल्या. "तो गरम हवा जाळीतून बाहेर टाकतो. लुगड्यानं जाळी बुजली, म्हणून पंखा जोरात फिरला. वैशाखात तोंडावर गोधडी ओढून निजलात तर तुम्हीही घुमाल."

"पन बाई," वाचनालयाची किल्ली सांभाळणारा सहदेव म्हणाला, "लुगड्याच्या आदीपास्नं एकशे अठरा हाय, त्याचं काय?"

बाईंनी पर्समधून तापमापक काढला. "बुवा, आ करा."

बुवानं घाबरून आ केला. आकडा आला ९८.४. बाईंनी बटण दाबून धरलं. आकडा झाला ३६.९.

"एका बटणात बुवांचा ताप साठानं उतरला!" बाई म्हणाल्या. "आता ओटी माझी भरायची का?"

पडवी हसली. बाईंनी समजावलं, "अंतर कोसात मोजा नाहीतर किलोमीटरात, रस्ता तेवढाच. आपण ताप फॅरेनहाइटमध्ये मोजतो. कॉम्प्युटर रोज सेल्सिअसमध्ये दाखवायचा. अपडेटनं माप बदललं, उष्णता नाही. रुचिता, सेटिंगमध्ये जा."

रुचितानं नाक पुसलं आणि माप बदललं. एकशे अठराचे झाले अठ्ठेचाळीस. रोजच्यासारखे.

"मुलांनो, आकडा मोठा दिसला की आधी विचारायचं, कशात मोजलाय? मग विचारायचं, कालपासून बदललं काय? आणि हात लावू नका असं कोणी म्हणालं, तर का नको, हे तर विचारायचंच."

बायजानं पुढे होऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला, नातवंडाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"कोमट हाय गं! रुचिताच्या बापाचं डोकं याच्याहून तापतं." मग तिनं लुगड्याची घडी घातली आणि बुवाकडे वळली. "का रं लडकू, धरनात काय शिरवायचं व्हतं?"

बुवा टेंपोत चढला होता. टेंपो रिकामाच गेला. रुचिता पडद्यावरचं कुंकू पुसून टायपिंगला बसली.